फालबाख नावाची गाडी

फालबाख स्टेशनात गाडी थांबली की सगळ्यात आधी बुर्गीचा आवाज कानावर पडायचा. "सूप गरम आहे! या लवकर, इंजिन लागलं की गाडी कुणाची वाट बघत नाही!"

गाव अगदी घाटाच्या पायथ्याशी. व्हिएन्नाहून झ्युरिककडे जाणाऱ्या मोठ्या गाड्यांना पुढची चढण एकट्याने झेपत नसे, म्हणून इथे मागून ढकलायला आणखी एक इंजिन जोडत. ते जोडायचं काम बुर्गीचा नवरा विगिल प्फांडलर करायचा. तेवढ्या वेळात बुर्गी फलाटावरच्या उपाहारगृहात कलेजीचे गोळे घातलेलं सूप वाढायची. उतारू उभ्या उभ्या जीभ भाजून घेत आणि वर "वा!" म्हणत. त्या सूपावर त्यांनी घर बांधलं, लेक आग्नेसला शिकवलं, झ्युरिकला नोकरीला धाडलं.

एके दिवशी विगिल जेवता जेवता म्हणाला, "नवी इंजिनं बघून आलो. राक्षस आहेत नुसते. त्यांना धक्का लागत नाही."

"मग?"

"मग काय? गाडीला इथे थांबायचं कारणच उरलं नाही."

बुर्गीने ताटं उचलून मोरीत ठेवली. पण हात टेकणारी बाई नव्हती ती. त्या काळी मोठ्या गाड्यांना नावं असत, नद्यांची, शिखरांची, शहरांची. तिच्या डोक्यात आलं, एका गाडीला आपल्या गावाचं नाव मिळालं तर? ज्या गावाचं नाव कपाळावर लिहिलंय, त्या गावावरून गाडी तशीच कशी पुढे जाईल?

ती गावचा मेयर कासिआन थ्योनीकडे गेली. दोघं एका वर्गातले. वर उतारावर कासिआनचं मोठं हॉटेल होतं.

"डोकं तुझं, पाय माझे," कासिआन खूश होऊन म्हणाला. "मी इन्सब्रुकला रेल्वेच्या कचेरीत खेपा घालतो, तू तिथल्या साहेबांना जेवू घाल."

बुर्गीने जेवू घातलं. साहेब लोक आले की चुलीपाशी राबायची, घरोघर जाऊन लोकांना सभेला ओढून आणायची. विगिल एकदाच म्हणाला, "बुर्गी, नाव आणि थांबा वेगवेगळे गं." तिने त्याला झटकलं, "तू इंजिनं जोड. मला शहाणपण शिकवू नकोस."

नाव मिळालं. समारंभाला पाद्रीबाबांनी डब्यांवर पवित्र पाणी शिंपडलं. ठेवणीतला झगा घालून बुर्गीने पाटीवरचं कापड ओढलं, आणि पांढऱ्यावर लाल अक्षरांत "फालबाख" दिसलं तेव्हा तिचे डोळे भरून आले.

मग ती पाहुण्यांना दारू देत फिरत होती. रेल्वेचा एक साहेब ग्लास उचलत म्हणाला, "बाई, तुमच्या हातचं शेवटचं घेतोय. रविवारपासून ही इथून सुसाट जाणार."

"म्हणजे? थांबणार नाही?"

"कशाला थांबेल? मेयरना ठाऊक आहे की. त्यांचं ठरलंय आमच्याशी, थांबा गेला तरी गाव तक्रार करणार नाही, बदल्यात नाव द्या."

बुर्गी ट्रे तसाच टेबलावर आदळून कासिआनसमोर जाऊन उभी राहिली. "तुला माहीत होतं?"

"आज नको, बुर्गी. लोक बघतायत."

"बघू देत. माहीत होतं की नाही?"

"थांबा तसाही गेलाच होता गं. निदान नाव तरी पदरात पाडून घेतलं. गाडी खालच्या स्टेशनात थांबेल, तिथून बस चालू होईल, थेट."

"थेट तुझ्या दारात."

"मग कुणाच्या दारात? खोल्या माझ्याकडेच आहेत ना?"

आजूबाजूचे हसले. त्यांच्यातल्या निम्म्यांची पोरं कासिआनच्या हॉटेलात कामाला होती.

रविवारी गाडी आली आणि न थांबता, वाऱ्याच्या झोताने फलाटावरची खुर्ची उडवून गेली. विगिलची बदली इन्सब्रुकच्या यार्डात झाली. तो शनिवारी घरी यायचा, पिऊन यायचा. "मी सांगितलं होतं" असं तो कधी म्हणाला नाही, आणि बुर्गीला तेच जास्त लागायचं. छोट्या गाड्यांच्या उतारूंवर वर्षभर रेटून तिने उपाहारगृहाला कुलूप घातलं आणि कासिआनच्याच स्वयंपाकघरात भांडी घासायला लागली. दुसरं होतं काय गावात? कासिआन पाहुण्यांना आत घेऊन यायचा. "हीच ती! आमच्या गाडीचं बारसं हिने केलं!" पाहुणे फोटो काढायचे. ती ओले हात मागे लपवून उभी राहायची.

पुढे काही वर्षांनी रेल्वेने गाडीवरचं ते नाव काढलं आणि नावाची जागा एका बिस्किट कंपनीला जाहिरातीसाठी विकली. गाव पेटून उठलं. म्हातारा कासिआन काठी टेकत मोरीपाशी आला. "तू टीव्हीवाल्यांसमोर बोल. तुझं ऐकतील. गावाच्या इज्जतीचा प्रश्न आहे."

"त्या गाडीकडे मी बघत नाही, कासिआन. तिच्यावर काय लिहिलंय, मला काय ठाऊक?"

"एवढा राग?"

"राग नाही. तुझी ताटं राहिलीत घासायची."

नाव गेलं ते गेलंच. पण खापर बुर्गीवर फुटलं. बाया वाटेत भेटल्या की दुसरीकडे बघायच्या.

विगिल ऐन बर्फाच्या दिवसांत वारला. आग्नेस झ्युरिकहून सकाळच्या गाडीने निघाली. पाद्रीबाबांना दुपारी दुसऱ्या गावात आणखी एक दफन होतं, त्यांनी घाई केली. दफनभूमी रुळांना लागूनच. शवपेटी खाली सोडत असताना वरून ती गाडी आली आणि बर्फ उडवत निघून गेली. बुर्गीने मान वर केली नाही.

खालच्या स्टेशनातून येणारी बस बर्फात अडकली. आग्नेस धापा टाकत फाटकातून आत आली तेव्हा माणसं पांगली होती.

"आई, मी गाडीच्या खिडकीतून बघितलं तुला. डब्याच्या दारापर्यंत धावले गं..."

बुर्गीने खड्डा बुजवणाऱ्याला मघाशीच थांबवलं होतं. तिने त्याच्या हातातलं फावडं घेऊन लेकीपुढे धरलं.

"टाक. तुझ्यापुरती माती ठेवलीय."