पाठमोरे बसवलेले पाच दगड

डोमाजी कापगते गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या हातात बांधकाम कार्यालयाचे पत्र होते. सकाळीच टपालाने आले होते. आपण उल्लेख केलेले मैलाचे दगड गहाळ झाल्याचा अहवाल पूर्वीच प्राप्त असून प्रकरण बंद करण्यात आले आहे, अशी त्यातली ओळ. ती डोमाजींना कशी सांगावी याची मी जुळवाजुळव करत होतो... तेवढ्यात त्यांच्या मुलाचाच फोन आला. जेवून खाटेवर आडवे झाले ते उठलेच नाहीत, एवढेच तो म्हणाला. पत्रातला तो 'पूर्वीचा अहवाल' माझा होता. खाली सही माझी होती.

याला आता सहा आठवडे झाले. डोमाजींबद्दल लिहायचे तर त्या सहीबद्दल लिहावे लागेल, म्हणून लिहितो.

डोमाजी मैलकुली होते. पूर्वी रस्त्याचे काही मैल एकेका माणसाच्या हवाली असत. खड्डे बुजवायचे, कडेचे गवत कापायचे, पावसाळ्याआधी नाल्या मोकळ्या करायच्या. चिचगडच्या रस्त्याचे तिसऱ्या मैलापासून सातव्यापर्यंतचा जंगलातला भाग डोमाजींकडे होता आणि मी त्यांचा शाखा अभियंता. किलोमीटरचे नवे दगड केव्हाच लागले होते. तरी जुने मैलाचे दगड तसेच उभे होते, वर नागरी आकडा, खाली इंग्रजी, दोन्ही छिन्नीने कोरलेले. कार्यालयाच्या लेखी त्यांना काही अर्थ नव्हता. डोमाजी मात्र दरवर्षी पोळ्याच्या आधी ते धुऊन त्यांना चुना देत, आकड्यांत काळा रंग भरत. एकदा मी चिडवले, बैल समजून रंगवता का? ते मान वर न करता म्हणाले, "बैल तरी जागा सोडते, सायब. हा नाही सोडत."

मला ते तेव्हा कळले नाही. आज वाटते, या दगडांचे सगळे मोल त्या एका वाक्यात होते. आता तो रस्ता सरळ केला आहे, रुंद केला आहे. जुना रस्ता कोणत्या मोहाच्या झाडाला वळसा घालून जायचा, बैलगाड्या कुठे चढायच्या, हे सांगणारे त्या दगडांशिवाय काही उरले नव्हते. किल्ल्याला फलक लागतो, देवळाला कुंपण होते. मैलाच्या दगडावर लोक पानाची पिचकारी मारतात आणि आमच्यासारखे अभियंते...

एका वर्षी पाचव्या मैलाजवळ रस्त्याखालच्या मोरीचे काम अडले होते. दगड येणार होता तो आला नाही, पाऊस तोंडावर आलेला. मी तोंडी हुकूम दिला, मैलाचे दगड आता कशाला हवेत, उपटा आणि फोडून भिंतीत भरा.  डोमाजी म्हणाले, "दगड हालवला त् खोटा बोलते, सायब." मी म्हणालो, बोलू द्या, मोरी तर होईल. त्यांनी पाचही दगड आणले, पण एकालाही घण लावला नाही. ते कोहळी समाजातले, तलावांच्या पाळी म्हणजे बांध घालणाऱ्यांच्या घरातले. पाळीत गोटा बसवावा तसे त्यांनी ते अख्खे दगड मोरीच्या भिंतीत बसवले, आकडे आत, पाठ बाहेर. असे उलटे कशाला, मी विचारले तर म्हणाले, "पाणी आकडा खाते. पाठ खाऊ दे." दीड दिवस जास्त लागला म्हणून मी त्यांच्यावर ओरडलो, तेही इथे नोंदवतो.

दोन वर्षांनी तालुक्यातल्या जुन्या वस्तूंची यादी करण्याचे पत्र आले. त्यात मैलाचे दगडही होते. खरे लिहिले असते तर फार तर मला कारणे दाखवा नोटीस आली असती. पण माझी बढती जवळ आली होती. मी लिहिले, मैलकुलीच्या दुर्लक्षामुळे दगड गहाळ. डोमाजींच्या सेवापुस्तकात ठपका लागला. त्यांना आकडे वाचता येत, अक्षरे येत नसत. कागदावर अंगठा देताना त्यांनी विचारले, "गहाळ म्हंजे का, सायब?"

सापडत नाहीत असे, मी म्हणालो.

"मंग दाखवून देतो ना. मोरीतच त् आहेत."

"राहू द्या, डोमाजी."

त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि अंगठा दिला. नंतर गावात त्यांना कोणी कोणी दगडचोर म्हणू लागले. त्यांनी एकदाही माझे नाव घेतले नाही. मला बढती मिळाली.

मी आता निवृत्त आहे. या उन्हाळ्यात ते बसने मुर्री गावातल्या माझ्या घरी आले. चहाला हात न लावता म्हणाले, "मोरी फोडनार आहेत, सायब. नवी करतात म्हणे. तुमी लिहून द्या." मी लिहून दिले. पण काय लिहिले? 'सदर मोरीत जुने दगड असण्याची शक्यता आहे.' शक्यता! इतक्या वर्षांनीही माझ्या हाताला खरे लिहिता आले नाही. त्या पत्राचे उत्तर म्हणजे ती 'प्रकरण बंद' वाली ओळ.

डोमाजींच्या तेरवीनंतर मी सगळे खरे लिहून कार्यालयात गेलो. तिथला तरुण अभियंता अदबीने बोलला, खुर्ची दिली. "सर, रिपोर्ट आप ही का है. अब आप ही कहते हैं गलत है. फिर हम किसको मानें?" मी म्हणालो, चला, मोरी दाखवतो. तो म्हणाला, भिंतीला तर दगडाच्या पाठीच दिसतात, त्यावरून काय सिद्ध होणार? उकलून पाहायचे तर मंजुरी लागेल, आणि बंद प्रकरणाला मंजुरी कशी मिळणार? आवक लिपिकाने माझा अर्ज घेतला, पण कोणत्या विषयात नोंदवावा हे त्याला कळेना. ते त्याला अजून कळलेले नाही. मी चार खेपा घातल्या.

गेल्या आठवड्यात डोमाजींच्या पत्नी मला मोरीवर घेऊन गेल्या. भिंतीवर तोडण्याची खूण म्हणून लाल फुल्या मारलेल्या. त्यांनी ओल्या फडक्याने एक दगड पुसला. चुन्याचे पुसट ठिपके दिसले. हे मी पूर्वीही पाहिले होते, मला वाटायचे पूजेचे असतील. त्या म्हणाल्या, "मोजा ना, सायब." तीन होते. शेजारच्या दगडावर चार. त्यांनी सांगितले, निवृत्त झाल्यावरही डोमाजी दर पोळ्याला इथे येऊन ठिपके ताजे करत, ज्या मैलाचा दगड तितके ठिपके. उद्या कोणी भिंत उकललीच तर कोणता कुठला ते कळावे, आणि तो परत आपल्या जागी जावा.

पिशवीतून त्यांनी चुन्याचा डबा आणि डोमाजींचा झिजलेला कुंचा काढला. माझे गुडघे वाकत नाहीत, मी म्हणालो. "बसा," त्या म्हणाल्या. "तुमच्याच हुकमाने बसले न हे."

मी मातीत बसलो. तीन, चार, पाच, सहा... ठिपके ओघळत होते. सातव्या मैलाच्या दगडाला सहा ठिपके झाले आणि डब्यातला चुना संपला. त्यांनी माझ्या हातून डबा घेतला, आतून बोट फिरवले, आणि सातवा ठिपका स्वतः लावला.