पाहुण्याचं नाव

मला याद्या करायची खोड आहे. लग्नाला जायचं असो की दवाखान्यात, मी आधी कागद शोधतो आणि एकाखाली एक लिहीत सुटतो. नागभीडपासून सायकलीच्या अंतरावर धानाच्या बांध्यांमध्ये आमचं गाव आहे, आणि त्या गावात कागदावर लिहून कामाला लागणारा मी एकटाच. डी.एड. करून नोकरी न लागलेला माणूस दुसरं काय करणार? माझी आत्या म्हणायची, "अतिशहाणा त्याचा बैल रिकामा. तुह्यापाशी त बैलच नाई." पण उन्हाळ्यात तेंदूला निघायचे दिवस आले की तीच आमच्या सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, येऊन भिंतीला टेकायची आणि म्हणायची, "काढ बावा, तुही यादी काढ."

तेंदू म्हणजे बिडीचं पान. मे महिन्यात पंधराएक दिवस ते तोडायचं, त्याचे पुडे बांधायचे आणि वाळायला घालायचे. आमच्या गावाशेजारीही जंगल आहे, पण तिथे वाघ इतके वाढले की सरपणाला जायचीही चोरी झाली. म्हणून आमची बारा-चौदा जणांची टोळी वैनगंगा ओलांडून, आरमोरीच्याही पुढे दोन-अडीच तास, गडचिरोलीच्या आतल्या जंगलात जायची. तिथे वाघ कमी होते. अस्वलं होती. आम्ही याला शहाणपण म्हणत होतो.

टोळीची मुकादम आत्या. वडिलांची थोरली बहीण, तरुणपणीच नवरा गेलेला, आणि तीस-बत्तीस हंगाम जंगलात काढलेले. नाल्याला पाणी कुठे असेल, कुठल्या झाडाखाली पाल टाकायचं, हे ती गाडीतून उतरल्या उतरल्या बोटाने दाखवायची. मी फक्त लिहायचो.

त्या वर्षी माझी यादी नेहमीपेक्षा लांब झाली, कारण माझी बायको पहिल्यांदा येणार होती. आमच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. ती वरोऱ्याकडची, कापसाच्या मोकळ्या मुलखातली. तिच्या माहेरी घराच्या दारात उभं राहिलं तर दोन कोसांवरची एसटी दिसते. जंगल म्हणजे काय, हे तिने आमच्या गावी येईपर्यंत पाहिलेलं नव्हतं. आई नको म्हणत होती. मीही नकोच म्हणत होतो, पण ती म्हणाली, "सगळ्या बाया जाऊन राह्यल्या अन मीच घरी बसू? लोक काय म्हणतीन, वरोऱ्याची पोरगी भेते म्हणतीन." मग मी ठरवलं की न्यायचं तर नीट तयारी करून न्यायचं. तिला मी नेणार होतो, तिला सुखरूप परत आणणं माझ्याकडे होतं. हे मी कुणाला बोललो नाही, पण त्या वर्षीची प्रत्येक ओळ मी तिच्यासाठी लिहिली.

ताडपत्री दोन. भाताचा मोठा गंज एक, पाण्याचे गुंड तीन. तांदूळ, लाखोळीची डाळ, सुकलेली मासोळी, कांदे, तिखट, मीठ. बॅटऱ्या आणि त्यांचे जादा सेल. सापाच्या भीतीने गुडघ्यापर्यंतचे बूट, जे त्या उन्हात कुणीच घातले नसते, पण लिहिले. बडवायला तेलाचा रिकामा डबा आणि लोखंडी सळई. जवळच्या दवाखान्याचं अंतर. फोन कुठल्या टेकडीवर लागतो ते.

सामानाखाली मी नियम लिहिले आणि दुपारी सपरीत बसवून बायकोला वाचून दाखवले. एकटं जायचं नाही, परसाकडेसुद्धा दोघींनी जायचं. चालताना बोलत राहायचं, कारण अस्वलाला कमी ऐकू येतं, ते दचकलं की अंगावर येतं. वारुळापाशी वाकायचं नाही. टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, पिकलेल्या झाडाखाली बसायचं नाही. पळायचं नाही. ती माझ्याकडे बघून हसत होती. म्हणाली, "परीक्षा केव्हा हाये?" मी चिडलो. मी अशा वेळी लवकर चिडतो.

मग मी पुढचा नियम सांगायला घेतला आणि तिथे आत्याने मला अडवलं.

आमच्या टोळीत एक रीत होती. शिधा बांधला की परत घरी येईपर्यंत त्या जनावराचं नाव घ्यायचं नाही. नाव घेतलं की त्याच्या कानावर जातं, असं आत्या म्हणायची. दिसलंच तर म्हणायचं, पाहुणा आहे. आमचं घर बौद्ध. माझ्या आजोबांनी घरातले देव पोत्यात भरून नदीत सोडले होते, त्याची गोष्ट आम्हाला पाठ होती. घरातून देव गेले, पण आत्याच्या तोंडातून जंगलाचे शब्द गेले नाहीत. मी यावरून तिची टर उडवायचो. तरी खरं सांगायचं तर त्या रीतीत शहाणपणही होतं. 'अस्वल' म्हणून कुणी ओरडलं की नवखी माणसं चौफेर पळतात, आणि पळणाऱ्यालाच ते धरतं. 'पाहुणा' म्हटलं की जुनी माणसं जागच्या जागी थांबायची, हळूहळू एकत्र यायची, मागे सरायची. माझ्या देखत दोनदा असं झालं होतं आणि कुणाला ओरखडाही आला नव्हता.

त्या दुपारी मी नियम वाचता वाचता शिधा बांधून दारात ठेवला गेला होता. बायको चुलीवरचं बघायला आत गेली होती, मी तिला तिथूनच ऐकवायला लागलो, "आणि एक आहे, तिकडे त्याला..." आत्याने माझ्या तोंडावर हात ठेवला. "शिधा बांधला ना? आता त्याची गोठ नाई काढाची." मी म्हटलं, "अगं, तिला माहीत नाही." आत्या म्हणाली, "आपल्यात राहून शिकन. आमाले कोणी शिकवलं?"

मी गप्प बसलो; बायको बाहेर आली तेव्हा कागद घडी करून खिशात होता, तिला यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. माझा विश्वास नव्हता, भीतीही नव्हती. निघायच्या दिवशी म्हातारीशी वाद नको, एवढंच. नंतर एकांतात सांगू, असं मनात म्हटलं. नंतर म्हणजे केव्हा, ते यादीत लिहिलं नाही.

पहिले तीन दिवस चांगले गेले. बायकोचे हात माझ्यापेक्षा चपळ निघाले. पहाटे तोडणी, उन्हं वर आली की पळसाखाली बसून पुडे बांधणं, संध्याकाळी नाल्यावर अंघोळ. आत्या तिला आता सून म्हणून नाही तर टोळीतली बाई म्हणून ओरडत होती, आणि याचा तिला आनंद होता. चौथ्या दिवशी तिचा भाऊ येणार होता. आरमोरीला त्याचं काही काम होतं, तिथून मोटारसायकलने शेवटच्या गावापर्यंत आणि पुढे पायी. माहेरचे आंबे घेऊन येतो, असं तो आम्ही निघण्याआधीच फोनवर म्हणाला होता. स्वयंपाकाच्या पाळ्या मी लावलेल्या. तिची पाळी पाचव्या दिवशी होती. भाऊ येईल तेव्हा ती पालावर असावी, म्हणून मी खोडून ती चौथ्या दिवशी केली. माझी हुशारी!

त्या सकाळी ती आणि आत्या अशा दोघीच पालावर होत्या. आत्याचा गुडघा सुजला होता. आम्ही बाकीचे वरच्या उतारावर पानं तोडत होतो. ऊन नुकतं झाडांत उतरलं होतं. आमच्यातल्या एका बाईला खाली नाल्यात काळं काही हलताना दिसलं. मागे पिल्लू होतं. ती पालाच्या दिशेने, जेवढा लागतो तेवढाच आवाज चढवून म्हणाली, "पाहुणा हाये वो, नाल्याच्या अंगानं."

आम्ही सगळे थांबलो. खाली आत्या चुलीपाशी थांबली. एकटी माझी बायको उठली. गावाकडून येणारी पायवाट नाल्याच्याच अंगाने होती. घरी पाहुणा आला की काय करायचं, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिने डोक्यावर पदर घेतला, गुंडातून लोटाभर पाणी घेतलं आणि पायवाटेला लागली.

आत्या दबक्या आवाजात म्हणाली, "थांब वो, पाहुणा हाये."

ती म्हणाली, "म्हनूनच त जाऊन राह्यली." आत्यानेच हे पुढे मला सांगितलं. एकदाच सांगितलं.

मला वरून तिचा पिवळा पदर दिसला आणि हातातला लोटा चमकताना दिसला. मी ओरडलो. काय ओरडलो, तर "अगं ए, थांब." तेवढंच. एका शब्दाने काम झालं असतं आणि तो माझ्या तोंडातून निघाला नाही. वर्षानुवर्षं न उच्चारलेला शब्द ऐन वेळी सापडत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि हात हलवला, म्हणजे थांबा, मी बघते. मग ती नाल्याच्या वळणावर दिसेनाशी झाली.

पुढचं मी थोडक्यात सांगतो. डबा बडवत, दगड मारत आम्ही खाली पोचलो तोवर जनावर पिल्लू घेऊन निघून गेलं होतं. अस्वल तोंडालाच धरतं. मी माझा शर्ट तिच्या चेहऱ्यावर बांधला, कारण मला तिकडे बघवत नव्हतं. ती शुद्धीवर होती. पाणी सांडलं, असं काहीतरी म्हणत होती.

ताडपत्रीला दोन बांबू लावून झोळी केली. ताडपत्री यादीत पहिली होती. चौघांनी उचललं आणि निघालो. अर्ध्या वाटेत समोरून तिचा भाऊ आला, खांद्यावर आंब्यांची पिशवी, घामाने भिजलेला. बाजूला सरून त्याने आम्हाला वाट दिली. म्हणाला, "कोनाले नेऊन राह्यले भाऊ?" त्याने मला ओळखलं नव्हतं, माझ्या अंगावर शर्ट नव्हता आणि सगळं रक्त होतं. आम्ही थांबलो नाही. मग त्याला झोळीबाहेर आलेला पिवळा पदर दिसला.

गडचिरोलीचा दवाखाना, मग नागपूर. डावा डोळा गेला. गाल आणि नाक तीनदा शिवलं. बघायला आलेले लोक म्हणायचे, देव तारी त्याला कोण मारी. मला प्रत्येकाला दाराबाहेर काढावंसं वाटायचं. तारलं ते काय तारलं, हे त्यांनी पट्टी सोडताना येऊन बघायचं होतं.

बोलता यायला लागलं तेव्हा तिने पहिली गोष्ट विचारली, "सगळे चूप काऊन होते?" मी तिला सांगितलं की पाहुणा म्हणजे काय. तिने मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "तुमाले माहीत होतं?"

"हो."

"मंग मले सांगतलं काऊन नाई?"

मी म्हटलं, "विसरलो."

तिने मान हलवली. विसरणाऱ्याला माफ करता येतं. तिने केलं. त्यानंतर घरात मी काही आणायचं विसरलो की ती म्हणायची, "विसरभोळ्याची यादी अन यादीचा विसरभोळा," आणि उरलेल्या अर्ध्या चेहऱ्याने हसायची. मी पण हसायचो. सहा वर्षं मी असा हसत आलो.

यंदा एप्रिलअखेर टोळी पुन्हा आमच्या सपरीत बसली. आम्ही दोघं त्यानंतर गेलो नाही, पण यादी मीच काढतो. एक नवी सून पहिल्यांदा जाणार होती, भिंतीशी पाय दुमडून बसली होती. आत्या आता फार थकली आहे, जात नाही, तरी सांगायला येते. मी सामान यादीशी ताडून संपवलं. नियमांवर आलो आणि माझा हात थांबला.

बायको आतून सगळ्यांना पाणी घेऊन आली. पाहुण्यांसमोर ती एरवी पदर डाव्या बाजूने पुढे ओढून असते. त्या दिवशी तिने तो मागे टाकला आणि नव्या सुनेसमोर बसली. "माह्याकडे पाह्य," ती म्हणाली. "हे अस्वलानं केलं. अस्वल. तिकडे त्याले पाहुणा म्हणते. कोणी पाहुणा म्हटलं त जागची हालू नोको. अन तुले दिसलं त सरळ अस्वल म्हण. घे नाव."

पोरगी घाबरून आत्याकडे बघायला लागली. शिधा दारात बांधून ठेवलेला होता. मला वाटलं, आता म्हातारी भडकणार. आत्या खाली जमिनीकडे बघत म्हणाली, "घे बाई. घे नाव." मग, कुणाकडेच न बघता, "त्या दिवशी हा हिले सांगूनच राह्यला होता. म्या तोंडावर हात ठेवला त्याच्या. ह्याच जागी."

बायकोने तिचा उजवा डोळा माझ्याकडे वळवला. रागावलेली नव्हती. ती नीट बघत होती, सुईत दोरा ओवताना बघते तशी.

"म्हंजे तुमी विसरले नोयते," ती म्हणाली.

मी म्हटलं, "नाही."

तिने रिकामे लोटे एकेक करून उचलले, माझ्यासमोरचा भरलेला लोटा तसाच ठेवला, आणि आत गेली.