देठाकडची चकती

रोह्यात आमच्या घरामागे राहणारे काका कंपनीतून निवृत्त झाल्यापासून परसात दुधी लावतात. यंदा त्यांच्या मांडवावरून आमच्याकडे बारा दुधी आले. दर वेळी ते कुंपणापाशी उभे राहून देठाकडची पातळ चकती कापतात, जिभेवर ठेवतात आणि डोळे मिटतात. मी मनात दहापर्यंत मोजतो. मग ते म्हणतात, "गोड हाय. घ्या." कडू दुधी पोटात गेला तर माणूस दवाखान्यात पोचतो, ही धास्ती त्यांना कायमची आहे. आता मलाही.

भाजी कशी करायची तेही तेच सांगतात. मूठभर सोललेले वाल, हिरवी मिरची, वरून ओलं खोबरं. "मसाला कशाला? दुधीला त्याची चव हाय ना!" हे सांगताना त्यांचा चेहरा खुलतो.

गेल्या रविवारी बारावा दुधी देताना त्यांचा फोन वाजला आणि चकती राहून गेली. माझ्याही ध्यानात आलं नाही. दुपारी आम्ही पानावर बसलो, तेवढ्यात काका अनवाणीच धावत आले.

"वहिनी, थांबा! कोणी घास घेऊ नका!"

त्यांनी माझ्या ताटातली एक फोड उचलून तोंडात टाकली आणि डोळे मिटले. मी दहापर्यंत मोजलं, मग वीसपर्यंत. बायकोने मुलीचा हात घट्ट धरला होता.

"गोड हाय," ते म्हणाले. "जेवा आता."

"तुम्हीपण बसा की," बायको म्हणाली.

"नाय, मी हाय इथंच."

ते दारातल्या पायरीवर बसून राहिले. मुलीने दुसऱ्यांदा भाजी मागितली, तेव्हाच उठले.