बर्फ पडल्यावर सांगायची गोष्ट

आमच्या संघटनेची अर्धी पत्रकं माझ्या हातची असतात. पहिल्या ओळीत अन्याय, दुसरीत दोषी कोण, तिसरीत मागणी. हे पान तसं लिहिता येत नाही. यातली दोषी मी आहे, आणि मागणी करायला समोर कुणी उरलेलं नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही अबुधाबीत राहायचो. बाबा एका ऑइल कंपनीच्या कॉन्ट्रॅक्टरकडे होते. मी दहावीत असताना समोरच्या फ्लॅटमध्ये एक नर्सबाई आल्या. वॉचमनने त्यांना फिलिपिनो ठरवलं, आईने नेपाळी. त्या निघाल्या कॅनडाच्या. तिथल्या एका अफाट सरोवरातल्या बेटावरच्या, ओडावा लोकांपैकी. हे नाव मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. आमच्या शाळेच्या पुस्तकात पिसं लावलेल्या एका माणसाचं चित्र होतं आणि खाली तीन ओळी. एवढ्यावर एक अख्खं खंड उरकलं होतं.

आईने पहिल्याच आठवड्यात त्यांना पुरणपोळ्या दिल्या. डबा परत आला तो भरलेला, तांबूस बेरींचा जॅम घालून. आई खूश. "रिकामा डबा परत करत नाहीत. वळण आहे हो बाईला!"

मग माझं तिकडे जाणं सुरू झालं, मी त्यांना आंटी म्हणू लागले. आंटींच्या शोकेसमध्ये झाडाच्या सालीची एक गोल डबी होती. झाकणावर साळिंदराचे रंगवलेले काटे टोचून काढलेलं फूल, कडेला सुगंधी गवताची वेणी. आईने वास घेतला आणि म्हणाली, "अगं, वाळा!" डबी त्यांच्या आईने केलेली होती. त्याच आईला लहानपणी मिशनऱ्यांच्या निवासी शाळेत नेऊन ठेवलं होतं. आपल्या भाषेत बोललं की मार.

इतिहास आंटी कधीही सांगायच्या. ओडावा म्हणजे व्यापार करणारे. सालीच्या होड्यांतून मका, कातडी, चटया नेऊन सरोवरं पालथी घालणारे. बाबा लगेच म्हणाले, "म्हणजे आपले दुबईवालेच की!" पुढे फ्रेंच आले, इंग्रज आले, करार आले. त्यांच्या गावाने जमिनीच्या करारावर सही केलीच नाही. "आमची जमीन आम्ही कधी दिलेलीच नाही," हे त्या चहात बिस्कीट बुडवता बुडवता सांगायच्या, शेजारच्या गल्लीची बातमी सांगावी तसं. माझं मात्र डोकं तापायचं.

गोष्टींचं वेगळं होतं. त्यांच्याकडे एक लांबलचक गोष्ट होती, ससा होऊ शकणाऱ्या एका खट्याळ देवमाणसाची. ती फक्त जमिनीवर बर्फ असताना सांगायची. उन्हाळ्यात साप, बेडूक, सगळे जागे असतात. त्यांच्या कानावर पडू द्यायची नाही.

"पण आंटी, इथे तर बर्फ पडतच नाही," मी म्हटलं.

"बेटावर पडतो ना."

आणि मागायची तर चिमूटभर तंबाखू देऊन मागायची. मी खाली बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, गेले. दुकानदार केरळी. "तंबाकू? किसके लिए?"

"कहानी के लिए, अंकल."

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कहानी तंबाकू पीता है? यल्ला, चलो, पप्पा को भेजो."

बाबांनी पुडी आणून दिली, पण टोमणा मारून. "तुझ्या आईच्या शुक्रवारच्या कहाणीला चणे-गूळ तरी मिळतात."

जानेवारीतल्या शुक्रवारी, सुट्टीच्या दुपारी, आंटी आधी फोन कार्ड घासून बहिणीला फोन लावायच्या. तिथे नुकतं उजाडलेलं असायचं. "बर्फ आहे?" एवढंच विचारायच्या. तिकडून हो आलं की फोन ठेवून, एसी बंद करून, सोफ्यावर मांडी घालायच्या. बाहेर खजुरीच्या झाडांवर ऊन, आणि आम्ही दोघी त्या बेटावर. गोष्ट तीन हिवाळ्यांची होती, दर हिवाळ्याला एक भाग. माझे दोन ऐकून झाले. मला वही काढू द्यायच्या नाहीत. "कानाने घे. पुढच्या वर्षी मागचं तू मला सांगायचंस, मग मी पुढचं सांगेन." दुसऱ्या वर्षी मी अडखळत सांगितलं तेव्हा त्यांनी मध्ये दोनदाच अडवलं. एवढी शाबासकी मला कुठल्या मार्कांनी दिली नव्हती.

बारावीच्या सुरुवातीला, मे महिन्यात, शाळेत देशोदेशींच्या संस्कृतीचा दिवस होता. मी ठरवलं, ओडावांवर पत्रक काढायचं. आंटींना विचारलं. त्या म्हणाल्या, "छाप. करार छाप, शाळा छाप, माझ्या आईचं पण छाप. गोष्ट नको."

इतकं स्पष्ट. मी बहिरी नव्हते.

पण मजकूर वाचून टीचर म्हणाल्या, "फार कोरडं आहे. काहीतरी इंटरेस्टिंग टाक." आणि मी टाकलं. मागच्या दोन पानांवर गोष्टीचे दोन्ही भाग टाकले, वर ठळक मथळा दिला. स्टेजवरून वाचूनही दाखवली. बाहेर अंगाची लाही लाही होत होती, आणि मी माइकवरून हिवाळ्यातली गोष्ट वाचत होते. टाळ्या जोरदार पडल्या. पोरांनी सशाचे कान करून मला चिडवलं. इतिहासाची पानं कुणी उलटलीसुद्धा नाहीत. अर्धी पत्रकं जमिनीवर लोळत होती.

वर मी एक प्रत मिरवत आंटींना नेऊन दिली. त्यांनी दारातच वाचली.

"मे महिना आहे," त्या म्हणाल्या.

मी तयारच होते. "आंटी, छापलं नाही तर मरेल हे सगळं! तुमचा आवाज दाबलाय त्यांनी. कुणीतरी लिहायलाच हवं."

"तुझ्या पत्रकाआधी ती गोष्ट जिवंतच होती," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही. "माझ्या आईला त्या शाळेत मार पडायचा, तरी तिने हिवाळ्याची वाट पाहिली. तुला वर्षभरसुद्धा धीर नव्हता."

घरी आईने तेच पत्रक वाचलं. "श्रावणातली कहाणी मी तुला चैत्रात सांगितली का कधी? हातात अक्षता घेतल्याशिवाय सुरू तरी केली का?"

"आई, प्लीज! तुझं वेगळं. हे हिस्टरी आहे."

"हो का? मग माझं काय आहे?"

दर श्रावणात मुठीत अक्षता धरून बसलेली मुलगी मीच. ज्या घरात कहाणीची वेळ पाळतात त्या घरात वाढून, दुसऱ्याच्या घरची वेळ मी मोडली. तीही त्यांच्या भल्यासाठी. ज्यांच्याविरुद्ध मी पत्रक काढलं होतं, तेसुद्धा भलंच करायला आले होते, असं म्हणतात.

आंटींनी बोलणं तोडलं नाही. लिफ्टमध्ये हसायच्या, परीक्षेचं विचारायच्या. जानेवारी आला. मी नवी पुडी घेऊन शुक्रवारी दुपारी गेले. मागचे दोन्ही भाग पाठ करून गेले होते.

"आंटी, बेटावर बर्फ पडला?"

त्यांनी पुडी हातात घेतली नाही. "माहीत नाही गं," म्हणाल्या. "फोन नाही केला."

त्यांनी मला चहा दिला, बिस्किटं दिली. आम्ही माझ्या पुण्याच्या ॲडमिशनबद्दल बोललो. पुडी टेबलावर तशीच राहिली, आणि निघताना मी ती परत घेऊन आले.

मी पुण्याला आल्यावर वर्षभरात त्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, त्या बेटावर परत गेल्या. जाताना आईचा एक डबा त्यांच्याकडे होता. तो जॅमने भरलेला आला, असं आईने फोनवर सांगितलं. माझ्यासाठी निरोप? नव्हता.

आता संघटनेत नवी मुलं म्हणतात, आदिवासींची गाणी रेकॉर्ड करू, गोष्टी छापू. मी आधी विचारते, कुणाला विचारलं? ती म्हणतात, ताई, तू फार अडवतेस. अडवते.

ती गोष्ट मी इथे लिहिलेली नाही, पुढे कुठेही लिहिणार नाही. दोन भाग मला येतात. तिसरा येत नाही. जानेवारीत मी कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत जाते आणि त्या बेटाचं हवामान उघडते. परवाही उघडलं. खाली, अजून बर्फ पडतोय, असं लिहिलं होतं. मी मागचे दोन भाग मनातल्या मनात, त्यांनी अडवलं असतं तिथे थांबत, शेवटपर्यंत म्हटले. मग मशीन बंद करून उठले.