बाहेर बसा, बोलावते

देवासच्या एका शाळेत मी तीस-एक वर्षं शिकवलं. त्यामुळे दोन गोष्टी अंगात मुरल्या आहेत: खणखणीत आवाजात बोलणं आणि लोकांना वर्गाबाहेर उभं करणं. निवृत्तीनंतर या दोन्हींचा उपयोग मी एका चांगल्या कामासाठी केला. ते काम कसं बुडालं ते सांगते. दोष दुसऱ्या कुणावर ढकलता आला असता तर केव्हाच ढकलला असता, पण तशी सोय नाही.

काम असं होतं. खाजगी दवाखान्याचं बिल थकलं म्हणून रोग्याला किंवा प्रेताला अडकवून ठेवता येऊ नये, आणि माणूस गेल्यावर त्या बिलासाठी त्याच्या बायकामुलांमागे वसुलीची माणसं लागू नयेत, एवढं राज्याच्या कायद्यात स्वच्छ शब्दांत लिहून यावं, खाली शिक्षेसकट. आम्ही चार-पाच पेन्शनर दर मंगळवारी कलेक्टर ऑफिसच्या जनसुनवाईत अर्ज घेऊन जायचो. अर्ज आरोग्य खात्याकडे जायचा, खातं तो त्याच दवाखान्याकडे अभिप्रायासाठी पाठवायचं, आणि दवाखाना गुळगुळीत कागदावर कळवायचा की आमच्याकडे असं काही होत नाही. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या द्यायच्या आणि वर चोरालाच विचारायचं, काय हो, काही गेलंय का?

खरं दुखणं म्हणजे साक्षीदार मिळत नव्हते. आपल्या मराठी घरांत तर विचारूच नका. आजे-पणजे दरबारात कारकून होते, म्हणून नातवाला दवाखान्यानं दोन दिवस डांबलं होतं हे सांगायची लाज वाटते. हाटपिपल्याच्या एका निवृत्त मास्तरांनी मला चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाले, "आमच्याकडे असं काही झालंच नाही." त्यांची सून आतल्या दारात उभी राहून डोळे पुसत होती. झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ उघडायला एकच बाई तयार झाली, आणि ती माझीच धारची वहिनी.

वहिनी म्हणजे माझ्या मामेभावाची बायको. भावाचं धारला मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. विहिरींवरच्या जळलेल्या मोटरा तो तार गुंडाळून पुन्हा चालू करून द्यायचा. गेल्या श्रावणात त्याचं अपेंडिक्स फुटलं. धारच्या डॉक्टरांनी मोठ्या ठिकाणी न्या म्हणून सांगितलं, तेव्हा इंदूर नको, देवासला आणा, असं मीच सुचवलं. इथला एक डॉक्टर माझा विद्यार्थी होता. तो माझ्या पाया पडला आणि भावाला आत घेऊन गेला. वहिनीला काचेच्या दाराबाहेर एका बाकावर बसवलं. "बाहर बैठो, बुलाएँगे."

चार दिवस ती त्या बाकावर होती. पाचव्या दिवशी सांगितलं, तब्येत स्थिर आहे, पण आधी राहिलेले पैसे भरा, मग भेटा. तिनं दुकान आतल्या मोटरांसकट एका ओळखीच्या माणसाला फोनवरच विकून टाकलं. पैसे भरले तेव्हा दुपारचे चार वाजले होते. साडेचारला कुणीतरी येऊन सांगितलं की ते गेले. दवाखान्यानं मृत्यूचा जो कागद दिला त्यावर मात्र वेळ होती सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं. म्हणजे पाच तासांहून जास्त वेळ ती बाहेर बसून एका प्रेताची तब्येत विचारत होती.

पावती आणि तो कागद, दोन्ही तिनं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवले होते. तिनं ते माझ्यापुढे ठेवले तेव्हा मला रडू आलं, आणि त्याच वेळी मनात आलं की पुरावा पक्का आहे. दोन्ही खरं आहे. मी त्यातलं एकही लपवत नाही.

भोपाळात ज्यांचा शब्द चालतो असे एक गृहस्थ आमच्या गावात आहेत. चार महिने त्यांच्या ओट्यावर चकरा मारल्यावर ते म्हणाले, "कागज तो रोज़ आते हैं, ताई. जिस पर बीती है उसको सामने लाओ. मैं खुद सुन लूँ, फिर भोपाल में सीना ठोक के बोलूँगा." वेळ दिली ती संक्रांतीनंतरच्या एका दुपारची. त्या दिवशी त्यांच्याकडे हळदीकुंकू होतं. ते स्वतः घरी असणार होते आणि सत्तर-ऐंशी बायकांच्या सह्या एकाच जागी मिळणार होत्या. एका दगडात दोन पक्षी, असं मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं.

वहिनीला फोन करून दिवस सांगितला. ती म्हणाली, "वन्सं, हळदीकुंकवाला मी कशी येऊ? अजून वर्षही झालं नाही."

"कुठल्या जमान्यात आहात वहिनी? मी आहे ना," मी म्हणाले. तोंड उघडलं की सुधारणा बाहेर पडते माझ्या.

ती पहाटेच्या बसनं निघाली, इंदूरला गाडी बदलली आणि दुपारी माझ्या दारात उभी राहिली. काय बोलायचं ते तिनं पाठ केलं होतं. कडक इस्त्रीची सुती साडी, हातात ती पिशवी. "चुकले तर सांभाळून घ्या," म्हणाली.

त्या घराच्या ओसरीत चपलांचा ढीग पडला होता. यजमानीणबाई दारातच हळदीकुंकवाचं तबक घेऊन उभ्या होत्या. त्यांनी वहिनीच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. तोंडातून अवाक्षर काढलं नाही. बोलले ती मी.

"वहिनी, तुम्ही जरा इथं बाहेर बसा. वेळ आली की बोलावते."

चपलांजवळ एक प्लॅस्टिकची खुर्ची होती. वहिनी तीवर बसली आणि पिशवी मांडीवर घेतली. माझ्याकडे एकदा बघितलं. सह्या आधी, सुधारणा नंतर, असं मी मनाशी म्हटलं आणि आत गेले.

आत मला हळदीकुंकू लावलं, हातावर अत्तर चोळलं, तिळगूळ दिला, वाण म्हणून स्टीलची डबी दिली. मी सगळं घेतलं. सह्यांचा कागद फिरवला. एक नवी नवरी घाबरून म्हणाली, "मावशी, मराठीत तर नाही ना? मेरे को पढ़ते नहीं आता." मी म्हटलं, हिंदीत आहे गं, कर सही. बहात्तर सह्या झाल्या. मी दोनदा मोजल्या.

मग ते गृहस्थ आले आणि कोचावर बसले. मी वहिनीला बोलवायला उठले तर यजमानीणबाईंनी हळूच माझा हात धरला. "ताई, आज सवाष्णींचा दिवस. तिच्या तोंडून मरणाच्या गोष्टी नकोत. तुम्हीच सांगा ना, तुम्ही किती छान बोलता."

मी छान बोलते हे खरं आहे. मी सांगितलं. तो बाक, ते काचेचं दार, फोनवर विकलेलं दुकान, दहा चाळीस. जिथं आवाज खाली आणायचा तिथं आणला, जिथं थांबायचं तिथं थांबले. बायका पदरानं डोळे पुसू लागल्या, म्हणून मी आणखी एक गोष्ट पदरची घातली: भाऊ शेवटपर्यंत बायकोला हाका मारत होता आणि दाराबाहेर बसलेल्या तिला त्या ऐकू आल्या नाहीत. खोली सुन्न झाली. मला फार बरं वाटलं. आज ते लिहिताना किळस येते.

गृहस्थांनी घसा साफ केला. "वो खुद आई हैं?"

यजमानीणबाई माझ्याकडे बघत होत्या. बहात्तर कुंकवं माझ्याकडे बघत होती. ओसरी तीन पावलांवर होती.

"नहीं भिया," मी म्हणाले, "तबीयत ठीक नहीं है उनकी. धार से आ नहीं पाईं."

"तो फिर कभी ले आना. बिना गवाह के मैं भी क्या बोलूँ?" कागद त्यांनी न वाचता माझ्या हातात परत दिला आणि ते उठले.

बाहेर आले. वाटलं होतं, निघून गेली असेल. गेली असती तर माझी सुटका झाली असती. ती तिथंच होती, तशीच ताठ. तिच्या डोक्यामागची खिडकी सताड उघडी होती.

"वहिनी, पुढच्या मंगळवारी आपण दोघीच..."

ती उठली. पिशवीची घडी घालून ती तिनं कमरेला खोचली. "वन्सं, त्यांनी मला हाका नव्हत्या मारल्या. ते शुद्धीवरच नव्हते."

मी ढिगात माझ्या चपला शोधू लागले.

"आणि दवाखान्यात निदान पैसे भरल्यावर तरी आत सोडलं. इथं किती भरायचे होते, ते सांगायचं होतं तुम्ही."

माझ्या कपाळावर कुंकू होतं आणि मुठीत तिळगूळ. तिला एक वडीसुद्धा कुणी दिली नव्हती, आणि माझ्या हातातली पुढे करायची मला हिंमत झाली नाही. ती एकटीच बसस्टँडकडे चालत गेली.

तिच्याशिवाय दुसरा साक्षीदार आम्हाला मिळाला नाही. कायद्यात ती ओळ आली नाही. काचेच्या दारासमोरचा बाक अजून तिथंच आहे, आणि त्यावर रोज कुणीतरी बसलेलं असतं. मी दर सोमवारी धारला फोन लावते, उद्या जनसुनवाई आहे, येता का म्हणून. वहिनी फोन उचलते, माझ्या नवऱ्याची विचारपूस करते, कधी रागावत नाही. मग दर वेळी तेच सांगते.

"तब्येत ठीक नाही, वन्सं. धारहून नाही येता येणार."