सेलमच्या दारातला शब्द

रेश्मा लग्न होऊन सेलमला गेली तेव्हा वीस वर्षांची होती. नवरा धनाजी तिथं गलाईचं काम करायचा. जुनं सोनं वितळवून शुद्ध करून द्यायचं. म्हसवडच्या बाजूची कितीतरी घरं या कामापायी परमुलखात पांगलेली.

पहिल्याच सकाळी शेजारची सेल्वी तिला म्हणाली, "वा." रेश्मा ओशाळली. अजून तिनं चहासुद्धा टाकला नव्हता, वाहवा कशाची? सेल्वीनं हात धरून तिला आपल्या स्वयंपाकघरात नेलं, तेव्हा कळलं, तमिळमध्ये वा म्हणजे ये. माहेरी नि सासरी तिच्या कामाला कधी कुणी वा म्हटलं नव्हतं. इथं तो शब्द रोज ऐकू यायचा, आणि त्यासाठी काही करून दाखवावं लागत नव्हतं.

चौदा वर्षांत ती इतकं तमिळ शिकली की सोनारांशी बोलायचं काम तिच्याकडेच आलं. धनाजी भट्टीपाशी. मुलगी प्रांजल तिथल्याच शाळेत सातवी झाली.

यंदा मे महिन्यात गावी नवं घर झालं. वास्तुशांतीला दहा दिवस जाऊन येऊ, असं धनाजी म्हणाला. रेश्मानं दोनच पिशव्या भरल्या.

परतायच्या आदल्या दिवशी कपाटात टॉवेल शोधताना तिला प्रांजलचा शाळा सोडल्याचा दाखला सापडला. तारीख एप्रिलची होती.

"ह्यो कवा काढला?" तिनं विचारलं.

धनाजी बॅगेची चेन ओढत होता. "आईचं गुडघं गेल्यात. एवढं घर बांधलंय, ऱ्हायला कुणी नको व्हय?"

"आवं, पर मला इचारलं का न्हाई?"

"इचारलं असतं तर आली असतीस?"

सासू तानुबाई शेंगा फोडत बसली होती. "मी सारी हयात हितंच काढली, मेले का? लय तमिळ शिकलीस. आता शेरडांशी बोल."

"आत्याबाई, तुमाला म्हाईत हुतं?"

तानुबाईनं टरफलं झटकली. "घराचा पाया काढला तवापास्नं."

सेलमच्या गलाईच्या दुकानात आता रेश्माच्या जागी धाकटा दीर अर्जुना जाणार होता, आणि स्वयंपाकाला त्याची बायको पूजा. तिकिटं धनाजीची आणि त्या दोघांचीच होती.

रेश्मानं मागच्या अंगणात जाऊन सेल्वीला फोन लावला.  सेल्वी तमिळमध्ये म्हणाली, "तुझा मिक्सर तुझ्या नवऱ्यानं निघायच्या आदल्या दिवशीच मला दिला. कायमची चालली होतीस, तर एका शब्दानं सांगायचंस."

"मला म्हाईत न्हवतं," रेश्मा मराठीतच म्हणाली. तमिळमध्ये पुन्हा जुळवेपर्यंत फोन ठेवला गेला होता.

सकाळी जीप दारात आली. पूजा नवी साडी नेसून, मोबाइल हातात घेऊन रेश्माजवळ आली.

"आक्का, चार शब्द सांगा की, लिवून घेते. शेजारीण आली तर आत ये कसं म्हनायचं?"

रेश्मानं तिच्याकडं बघितलं. पोरगी चांगली होती.

"तुझ्या भावजींना इचार," ती म्हणाली. "माझ्याबी आधीपास्नं ऱ्हायल्यात तितं."

पूजानं जीपकडं तोंड करून मोठ्यानं विचारलं. धनाजीनं बॅग टपावर चढवली, दोरी आवळली, पुन्हा सोडून आवळली.

"हात करायचा," तो म्हणाला. "येत्यात."