पाय बाबांचे नाहीत

परवा मी टाकलेल्या फोटोत चेहरा बाबांचा आहे. पाय त्यांचे नाहीत.

खाली मी लिहिलं होतं, "बाबा पद्मासनात, नेहमीसारखे शांत." हे चूक आहे. बाबा आयुष्यात एकदाही पद्मासनात बसले नाहीत. त्यांना ते जमतच नव्हतं.

तो फोटो श्रद्धांजलीच्या फ्लेक्सचा होता. बाबांच्या योगा क्लासला येणाऱ्या, सिलतऱ्याच्या प्लांटमधल्या दोघांनी तो प्रेमाने बनवून घेतला. दुकानवाल्याने आसन करतानाचा फोटो मागितला. आमच्याकडे तसा एकही नव्हता. मग त्याने इंटरनेटवरून कुणाचं तरी धड उचललं आणि वर बाबांचा चेहरा बसवला.

मी रडत होते. चेहरा पाहिला, खाली पाहिलंच नाही. पोस्ट केला.

गुपचूप डिलीट केला असता. पण काल शकुन काकींचा फोन आला.

शकुन काकी बीरगांवहून आमच्या गुढ़ियारीला क्लाससाठी यायच्या. दोन्ही गुडघे दुखरे. बाबा त्यांच्याकडून सगळं खुर्चीवर करून घ्यायचे आणि स्वतःही शेजारी खुर्ची ओढून तसंच करायचे.

"बेटी, सर को तो सब बनता था. हमारा मन रखने के लिए कुर्सी पे बैठते थे का?"

काकी पुढे म्हणाल्या,

"फोटू देख के मैं भी वैसे ही बैठी. अब घुटना सूज गे हे."

म्हणून हे लिहितेय.

बाबा रेल्वेत क्लार्क होते. ड्यूटीला जायच्या आधी विहाराच्या हॉलमध्ये क्लास घ्यायचे. समोर पद्मासनातली बुद्धमूर्ती, आणि तिच्यापुढे आमचे बाबा, जाड घडी केलेल्या चादरीवर, गुडघे वर आलेले.

एकदा कुणीतरी विचारलंच, "सर, भगवान तो ऐसे बैठे हैं. आप?"

"उनका कूल्हा उनका, मेरा मेरा," बाबा म्हणाले. "चलो, साँस लो."

मी मात्र पहिल्यापासून उलटी. माझं अंग आईवर गेलंय, सैल. कोपर सरळ केलं की पार मागे वाकतं. घरी फरशीवर बाबा मला शिकवायचे तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. मला सगळं पटकन जमायचं आणि त्याचा मला फार गर्व होता.

"थांब व पोट्टी. तिथंच थांब."

"काहून? मले तं अजून जाते!"

"जाते म्हणूनच थांब. कोणाले चढाले पायरी लागते, तुले ब्रेक लागते."

मला राग यायचा. ज्यांना जमत नाही त्यांचं कौतुक, आणि मला जमतं तर मला ब्रेक?

मोठी झाल्यावर मी विचारलं, बाबा, रोज सराव केला तर तुम्हालाही येईल ना पद्मासन?

ते मला आतल्या खोलीच्या दरवाज्यापाशी घेऊन गेले. आमच्या घरात तो दरवाजा फ्रीजला आदळतो. अर्धाच उघडतो.

"लाव जोर."

मी ढकललं. ठक्क.

"अजून लाव. काय होईन? फ्रीजच्या मांगं भिंत हाय. दरवाजाच मोडते ना?"

मग स्वतःच्या मांडीवर थाप मारून म्हणाले, "आखडलेलं अंग हळूहळू सुटते. पण हाडाले हाड लागलं का पुढं जागाच नाई. माह्या खुब्याची वाटी अशीच हाय. त्यात लाज कायची?"

आई स्वयंपाकघरातून ओरडली, "बिचाऱ्या दरवाज्याले सोडा आता!"

शेवटच्या दिवशी दुपारी बाबा त्याच खोलीत झोपले. मी चहाला उठवायला गेले, ते उठले नाहीत.

त्यांना बाहेर न्यायची वेळ आली आणि दरवाजा पूर्ण उघडेना. पाऱ्यातली, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातली, चार माणसं होती. कुणीतरी म्हणालं, धक्का मारा, फ्रीज सरकवा.

आई भिंतीला टेकून बसली होती. सकाळपासून... नाही, मी पुन्हा चुकतेय. दुपारपासून एक शब्द बोलली नव्हती.

"जोर नका लावू," ती म्हणाली. "थोडे तिरपे व्हा."

ते तिरपे झाले. बाबा निघून गेले.

फ्लेक्सचं मी त्या दोघांना सांगितलं. ते इतके ओशाळले की मलाच वाईट वाटलं. एक जण हळूच म्हणाला, "दीदी, नीचे का हिस्सा काट दें?" कापला. आता विहारात फक्त बाबांचा चेहरा लावलाय. आधीपेक्षा खूप बरा दिसतो.

या पोस्टला जोडलेला फोटो खरा आहे. त्यात बाबांचा चेहरा दिसत नाही. ते पाठमोरे आहेत, शकुन काकींच्या पायांखाली लाकडी ठोकळा सरकवतायत. आमच्याकडचे त्यांचे सगळे फोटो असेच आहेत, कुणाच्या ना कुणाच्या पायांशी वाकलेले.

काकींनी फोन ठेवताना विचारलं, "क्लास कब खुलही?"

मी "बघते" म्हटलं. खरं सांगायचं तर मला भीती वाटते. ज्याला सगळं सहज जमतं, त्याला दुसऱ्याचं हाड कुठे अडतंय ते कसं कळणार? माझ्यामुळे कुणाचा गुडघा गेला तर?

हे मी बाबांनाही विचारलं होतं.

"कळत नाई तं विचाराचं," ते म्हणाले होते. "हात लावाच्या आधी विचाराचं, कुठं अडते. मी पण तेच करतो. मले कोणाचं हाड दिसते का?"

शकुन काकी, सूज उतरेपर्यंत गुडघा वाकवू नका. डॉक्टरांना दाखवा. बाबा तुमचं मन राखायला खुर्चीवर बसत नव्हते. त्यांनाही खुर्ची लागायची. मी तुमच्या शेजारी तीच ठेवीन. तुम्ही नुसतं बसायला या.

बाबा, रविवारी विहारात सगळे तुमच्याबद्दल बोलतील. मला माईकवर बोलता येणार नाही, तुम्हाला माहीतच आहे. माझा जय भीम इथेच घ्या.

हॉलची किल्ली मी आईकडून मागून घेतली आहे.

सोमवारी सकाळी सहाला उघडते.